वायरलेस कार्ड घेताय? आधी आतली चिप बघा!

मागच्या पावसाळ्यात आमच्या विंगचं लॅन बंद पडलं. मुळशीचा पाऊस माहितीच आहे, दुरुस्तीला कोण येणार? मेसच्या पैशांतून वायफाय डोंगल घ्यायचं ठरवलं आणि पिरंगुटहून बस पकडून तपकीर गल्ली गाठली. बॉक्सवर पेंग्विनचं चित्र होतं, म्हटलं झालं काम! रात्री उबुंटूवर लावलं तर नुसता दिवा लुकलुकतोय, नेटवर्क एकही नाही. ड्रायव्हर सीडीत होता आणि माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.

मंडळी, लिनक्सला बॉक्सवरचं नाव कळत नाही, आतली चिप कळते. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असेल तर कार्ड लावलं की चालतं. गंमत म्हणजे कंपन्या मॉडेल तेच ठेवून चिप बदलतात. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. व्हर्जन १ मध्ये अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ होती, लिनक्सवर मस्त चालायची. व्हर्जन २ पासून आत रिअलटेक आली. म्हणजे सीनियरचं चाललं म्हणून तुमचं चालेलच असं नाही.

ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर सोर्स उतरवून कंपाइल करायचा. होतं ते, पण कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच. डीकेएमएस हे काम आपोआप करतं. मात्र नव्या कर्नलमध्ये आतलं काही बदललं असेल तर कंपाइलच होत नाही. माझं हे सबमिशनच्या आदल्या रात्री झालं!

मग घ्यायचं काय? यूएसबीमध्ये मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप. तिचा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून आत आहे. लॅपटॉपच्या आत बसवायला इंटेलचं एएक्स२१०. एएक्स२११ दिसायला तसंच, पण त्याचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसरमध्ये होतं, त्यामुळे एएमडीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. एका आकड्याचा फरक!

दुकानात स्वतःचा लॅपटॉप न्या, डोंगल लावा, टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी टाइप करा (अर्थात इंग्रजीत, माझं कॉन्व्हेंटचं मराठी सांभाळून घ्या). चिपचं नाव बघा, नेटवर्कची यादी येते का बघा, मगच पैसे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

आधीच अडकला असाल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन चालतात. आमच्याकडे रेंज फक्त जिन्यातल्या खिडकीत येते, म्हणून ड्रायव्हर मी तिथे बसून उतरवला, अर्धी भिजून. ते डोंगल अजून आहे. विंडोजसाठी कोणाला हवं असेल तर निम्म्या किमतीत देईन.