वजन आणि खाणे : नेमके आकडे

बीएमआय : किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. जागतिक निकष २५ आणि ३०. उंची १६५ सेंमी असेल तर भारतीय निकषांनी साधारण ६३ आणि ६८ किलो.

कंबर : पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी. त्यापुढे मधुमेह, हृदयविकाराचा धोका वाढतो.

तर्री : तर्री-पोहे असोत की सावजी रस्सा, वर तरंगते ते तेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी.

सणाला दोन पुरणपोळ्या जास्त झाल्या, तर तो आजार नव्हे. थोड्या वेळात खूप खाणे, हात न आवरणे, नंतर अपराधी वाटणे. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने : हा 'बिंज ईटिंग डिसऑर्डर'. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून स्वतंत्र निदान. त्यावर उपचार आहेत.

मदत : मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.