चवदार तळ्याचा खटला

मालवणहून मुंबईला निघालेली गाडी महाडवरून जाते, पण तिथे उतरून चवदार तळं पाहणारे थोडेच. वंशद्वेषाच्या हिंसेचा छडा लावणाऱ्या वकिलाच्या कादंबऱ्या आपण अमेरिकेतल्या वाचतो. आपल्याकडच्या या तळ्याच्या खटल्यात वंशाच्या जागी जात, आणि इथला वकील स्वतःच प्रतिवादी!

२० मार्च १९२७. बॅरिस्टर आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी, अस्पृश्यांना बंदी असलेल्या या तळ्याचं पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात हूल उठली: आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. काठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपात शिरला. तिथे काही जण अजून जेवत होते. शिजलेलं अन्न मातीत गेलं, डोकी फुटली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी मात्र आपल्या माणसांना उलटा हात उगारू दिला नाही. पुढे पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

खरी चुरस दिवाणी कोर्टात. १२ डिसेंबर १९२७ ला सनातन्यांनी बाबासाहेबांवर दावा ठोकला: तळं खासगी, अस्पृश्यांना बंदी ही पुरातन वहिवाट. पण ‘पुरातन’ हे पुराव्याने दाखवणार कसं? तिथेच गाडं अडलं. खालच्या कोर्टांत हरूनही वादी हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड (१९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच) आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळलं.

निकालपत्र छापील कायदे-अहवालांत आहे. वकील मित्राकडून मिळवा आणि वाचाच.