इतिहास आणि कापसाचा भाव

वर्धा जिल्ह्याला इतिहासात जी पाने मिळाली, ती बहुतांशी सेवाग्राम आणि पवनार यांनी व्यापली आहेत. त्यात गैर काही नाही. परंतु या जिल्ह्यातील सामान्य माणसाच्या घरात इतिहास कोणत्या दाराने शिरला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ते दार कापसाचे होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाचे भाव भडकले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. ज्याने लिंकनचे नावही ऐकले नव्हते, त्याचे उत्पन्न लिंकनच्या विजयाने घटले!

१९२० च्या सुमारास आष्टी परिसरात जन्मलेला एखादा कास्तकार डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या दहाव्या वर्षी जागतिक मंदी आली. तिचे नाव त्याच्या घरी कोणास ठाऊक नव्हते, कापसाचा उतरलेला भाव मात्र ठाऊक होता. तो सोळा वर्षांचा असताना, १९३६ मध्ये, गांधीजी शेगावी राहावयास आले. तो बाविशीत असताना, १४ जुलै १९४२ रोजी, काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला. १६ ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर रक्त सांडले. आंदोलकांपैकी काही हुतात्मा झाले, पोलीसही मारले गेले. तरीही त्या पावसाळ्यात कपाशीचे निंदण कुणाला चुकले नाही. त्याच्या बावन्नाव्या वर्षी, १९७२ मध्ये, राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि व्यापाऱ्याच्या जागी सरकारी खरेदी केंद्र उभे राहिले.

यांपैकी ठराव आणि हौतात्म्य यांची नोंद झाली, स्मारकही झाले. भावाचे स्मारक कोण उभारणार? तरीही मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न आणि जमिनीचे गहाणखत यांचा निर्णय त्या भावानेच केला. तारखांचा इतिहास हा अर्धाच इतिहास होय. उरलेला अर्धा सावकाराच्या वहीत, विक्रीच्या जुन्या पावत्यांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहे. वह्यांना वाळवी लागते आणि ती पिढी आता जवळजवळ सरली आहे. जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी हे कागद आजच गोळा केले नाहीत, तर स्वातंत्र्य कोणी मिळविले हे उद्याच्या पिढीला कळेल. त्या काळात माणसे जगली कशी, हे मात्र कळणार नाही.