दोन मापं, एकच वर्षाव

अर्जेंटिनातल्या मालार्ग्वे गावाबाहेरच्या उजाड पठारावर दर दीड किलोमीटरला एक बंद टाकी बसवलेली आहे. प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी. अशा सुमारे १,६६० टाक्या ३,००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. ही पिएर ओजे वेधशाळा. अमेरिकेतल्या युटा राज्यात, डेल्टा गावाजवळ, टेलिस्कोप ॲरेचे ५०७ शोधक ७०० चौरस किलोमीटरवर मांडलेले आहेत. त्यांत पाणी नाही, कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचे, म्हणजे सिंटिलेटरचे, पातळ थर आहेत.

दोघींचं काम एकच. अंतराळातून येणारा अतिउच्च ऊर्जेचा कण हवेवर आदळला, की अब्जावधी कणांचा वर्षाव जमिनीवर येतो. तो टिपायचा आणि मूळ कणाची ऊर्जा काढायची. १९९१ साली युटातच दिसलेल्या एका कणाची ऊर्जा फिरकी गोलंदाजाच्या चेंडूइतकी होती. चेंडूची सगळी ऊर्जा एका अणूहून लहान गोष्टीत! असा कण चौरस किलोमीटरला शतकात एखादाही क्वचितच येतो, म्हणून एवढं मोठं आवार लागतं.

आता अडचण. त्याच ऊर्जेच्या कणाला टेलिस्कोप ॲरे ओजेपेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त ऊर्जा लावते. नऊ टक्के किरकोळ वाटतील, पण ऊर्जा वाढते तशी कणांची संख्या इतकी झपाट्याने घटते, की माप जरा सरकलं तरी आलेख पार बदलतो. यापूर्वी जपानच्या अगासा प्रयोगाला, दुरून येणाऱ्या कणांसाठी १९६६ साली भाकीत केलेली ऊर्जामर्यादा ओलांडणारे कण दिसले होते. युटाच्या हायरेस प्रयोगाला मात्र मर्यादा दिसली. त्या वादात वर्षं गेली.

तफावतीचं मूळ मापातच आहे. दोन्हीकडे दुर्बिणी अमावस्येच्या आसपासच्या निरभ्र रात्री वर्षावामुळे उठणारी हवेतल्या नायट्रोजनची अतिनील चमक पाहतात आणि त्यावरून जमिनीवरच्या शोधकांचं माप लावतात. पण ठरावीक ऊर्जेला चमक किती, याचे प्रयोगशाळेतले वेगवेगळे आकडे दोघींनी वापरले आहेत. शिवाय खोल पाण्याला वर्षावातले म्युऑन नावाचे कण चांगले जाणवतात, पातळ प्लॅस्टिक मुख्यतः इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांची मोजदाद करतं. टेलिस्कोप ॲरेच्या लोकांनी संगणकी नमुन्यावरून आलेली ऊर्जा दुर्बिणींशी ताडून पाहिली आणि सरळ १.२७ने भागली. आपला नमुना चुकतोय हे आकड्यातच मांडणारा हा भागाकार मला फार मोलाचा वाटतो.

नऊ टक्के वळते केले की दोन्ही आलेख बऱ्याच अंतरापर्यंत जुळतात. अगदी वरच्या टोकाला मात्र फाटतात. युटाला मुख्यतः उत्तरेचं आकाश दिसतं, ओजेला दक्षिणेचं. दोघींना दिसणाऱ्या सामाईक पट्ट्यात फरक कमी होतो, पण तो पूर्ण मिटतो का, यावर गटांचं एकमत नाही. उत्तरेचं आकाशच वेगळं असेल, की माप अजून तिरकं आहे?

म्हणून ओजेच्या पाण्याच्या टाक्या थेट युटात नेऊन तिथल्या सिंटिलेटर शोधकांच्या सोबतीला बसवल्या आहेत, म्हणजे एकच वर्षाव दोन्ही मापांत पडेल. आणि मालार्ग्वेच्या टाक्यांच्या डोक्यावर आता सिंटिलेटरचे फलक चढले आहेत.