काचेची अक्षरे आणि सिलिकॉनची नळी

बडोद्यात रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत संध्याकाळी चालत गेलं की गुलाबी, निळ्या, पिवळ्या उजेडाच्या रेषांनी लिहिलेल्या पाट्या हल्ली बऱ्याच दिसतात. दुकानदार त्यांना 'निऑन' म्हणतात, विकणारेही तेच म्हणतात. पण त्यांत निऑन वायूचा थेंबही नसतो. जुन्या पाट्यांची नोंद करायला निघालं की पहिला घोळ इथेच होतो. म्हणून दोन्हींतला फरक आधी सांगतो, आणि मग आपल्या लिपीशी त्याचा काय संबंध, तेही.

निऑन वायू १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधला. त्याचा दिवा लोकांसमोर आणला तो जॉर्ज क्लोद यांनी, १९१० साली पॅरिसमध्ये. काचेच्या नळीतली हवा काढून टाकायची, अगदी थोडा वायू भरायचा, दोन्ही टोकांना विद्युताग्रं बसवायची आणि ट्रान्सफॉर्मरमधून काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा, की नळीतला वायूच उजळतो. शुद्ध निऑन शेंदरी-तांबडा दिसतो. निळ्यासाठी आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो. बाकीचे बहुतेक रंग काचेला आतून दिलेल्या लेपाचे. म्हणजे निळी, हिरवी पाटी शास्त्राच्या हिशेबाने 'निऑन' नव्हतीच, पण नाव सगळ्यांनाच चिकटलं.

खरी गंमत अक्षरात आहे. नळीला दोनच टोकं. वीज एकातून शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते, मधला रस्ता अखंड हवा. कारागीर आधी अक्षर खऱ्या मापात कागदावर काढून घेतो. मग काच ज्योतीवर मऊ करून त्या रेघेवर वाकवतो. वळणावर नळी चेपू नये म्हणून रबरी नळीतून तोंडाने हळूच फुंकर घालत राहतो. जिथे उजेड नको, तो जोडाचा भाग काळ्या रंगाने झाकतो.

आता ही अट देवनागरीला लावून बघा. गुजरातीला शिरोरेखा नाही, त्यामुळे कारागीर एका अक्षरातून दुसऱ्यात सरळ खालून किंवा मागून जातो आणि मधला तुकडा काळा करतो. देवनागरीत डोक्यावरची रेघ उजळलीच पाहिजे. मग नळी रेघेवरून चालत जाते, काना आला की खाली उतरते, त्याच वाटेने परत वर येते. किंवा रेघेची नळी सरळ वेगळीच केली जाते. अनुस्वार तर कशालाच चिकटलेला नसतो. त्याच्यासाठी मागून वळसा घ्यायचा आणि तो वळसा लपवायचा. शेजारीशेजारी एक गुजराती आणि एक मराठी पाटी असली, तर दिवसा, दिवे बंद असताना, दोन्हींच्या मागच्या बाजू बघाव्यात. रात्री दिसत नाही ती सगळी अक्कल तिथे दिसते.

नवी पाटी म्हणजे लवचीक पट्टीवर ओळीने बसवलेले बारीक एलईडी आणि वरून दुधी सिलिकॉनचं आवरण. १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, हाताला गरम लागत नाही, ठरलेल्या खुणांवर कात्रीने कापता येते. एलईडीचा लाल रंग १९६२पासून होता, पण झगझगीत निळा यायला १९९०चं दशक उजाडलं. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. त्याच निळ्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड मिळतो, आणि पाट्यांचा आजचा सगळा बाजार त्यावर उभा आहे.

दुकानदाराला मी दोष देत नाही. काच फुटते, ट्रान्सफॉर्मर जळतो, नळी वाकवणारा शोधूनही सापडत नाही. जुन्या वाड्याच्या लाकडी दर्शनी भागावर हजारो व्होल्ट खेळवण्यापेक्षा १२ व्होल्टची हलकी पाटी केव्हाही बरी, असं माझं मत आहे. पण दोन्हींचा उजेड सारखा नाही. काचेची नळी चारी बाजूंनी उजळते, त्यामुळे मागच्या भिंतीवरही आभा पडते. सिलिकॉनची पट्टी बहुतेक उजेड पुढेच फेकते. शिवाय पट्टी फार आखूड वळणात मुडपली की आतली जोडणी तुटते. 'ळ', 'श', 'क्ष' यांच्या गाठी त्यामुळे सैल होतात किंवा तुकडे करून जोडाव्या लागतात. आणि सगळ्यात मोठा बदल असा, की अक्षर आता संगणकातल्या तयार फॉन्टमधून येतं. दांडिया बाजारातल्या पाटीवरचा 'ल' आणि पुण्यातल्या पाटीवरचा 'ल' एकच. जुन्या पाटीत कुणा पेंटरचा हात होता, तो गेला.

म्हणूनच सांगणं असं, की पाटी उतरायच्या आधी दोन फोटो हवेत: एक रात्री पेटलेली असताना, एक दिवसा बंद असताना, दोन्ही अगदी समोरून, शेजारी मोजपट्टी धरून. पाटी बंद करून, वायरमनकडून वीज तोडून घेतल्यावर, अक्षरांवर ट्रेसिंगचा कागद धरून रेघ उतरवून घ्या. काळे केलेले भागही त्यात दाखवा. निळी-हिरवी नळी फोडू नका, आत पारा असतो. नळी शाबूत असेल तर जुन्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. बंद पडलेल्या पाटीत बऱ्याचदा दोष ट्रान्सफॉर्मरचा निघतो आणि काच चांगली असते.

आणि मालक नवी एलईडी पाटी करून घेणारच असतील, तर तो ट्रेसिंगचा कागद त्यांच्या हातात द्या. पट्टी बसवायची खाच कापणाऱ्या यंत्राला फॉन्टच लागतो असं नाही. कागदावरची रेघ स्कॅन करून दिली तरी ते तीच रेघ कापतं. गाठी थोड्या मोकळ्या कराव्या लागतील, पण पेंटरचा 'ल' राहील.