मोजून वाटलेले दाणे

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हा सुविचार आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या फळ्यावर वाचला आहे. पण साधे राहायचे ते कशासाठी, हे काही फळ्यावर लिहिलेले नसे. प्राचीन ग्रीसमधल्या तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला होता.

त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे सिनोपीचा डायोजिनीस. अथेन्समध्ये तो मातीच्या मोठ्या रांजणात राहत असे. एक मुलगा ओंजळीने पाणी पिताना दिसला, तेव्हा ‘साधेपणात या पोराने माझ्यावर मात केली’ असे म्हणून त्याने जवळचा पेलाही फेकून दिला, अशी आख्यायिका आहे. लोकांनी पाहावे आणि चपापावे, असा हा साधेपणा!

एपिक्युरसची वाट निराळी. इ.स.पूर्व ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या या तत्त्वज्ञाने अथेन्सला एक बाग घेतली आणि तेथे तो मित्रांसह राहू लागला. स्त्रिया आणि गुलाम यांनाही तेथे प्रवेश होता. सुख हेच जीवनाचे ध्येय, असे तो सांगे. तेवढ्यावरून लोकांनी त्याला चैनी ठरवले. इंग्रजीत तर खवय्यासाठी त्याच्या नावावरूनच शब्द रूढ झाला! प्रत्यक्षात पाव आणि पाणी यांवर तो तृप्त असे. एका मित्राला त्याने पत्रातून चीजचे लहानसे भांडे मागितले. कशासाठी, तर मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून.

त्याचा हिशेब सरळ होता. काही इच्छा नैसर्गिक आणि आवश्यक असतात. भूक, तहान ही त्यांची उदाहरणे. पक्वान्नाची इच्छा नैसर्गिक खरी, पण आवश्यक नव्हे. कीर्ती आणि सत्तेची हाव यांपैकी काहीच नाही. पहिल्या इच्छा थोडक्यात भागतात, शेवटच्या कधीच भागत नाहीत. पक्वान्नाशी त्याचे वैर नव्हते. मिळाले तर आनंदाने खावे, न मिळाले तर अडू नये. ज्याचे थोडक्यात भागते, त्याला उद्याची धास्ती कमी.

या विचाराची कसोटीही लागली. इ.स.पूर्व २९५-२९४ च्या सुमारास डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला. शहरात धान्य मिळेना. छतावरून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठी बाप-लेक भांडल्याची हकीकत प्लुटार्कने नोंदवली आहे. त्याच वेळी एपिक्युरस मात्र कडधान्याचे दाणे मोजून आपल्या सोबत्यांना वाटत होता आणि त्यांना जगवत होता, असेही तोच सांगतो.

श्रोतेहो, वेढ्यातली उपासमार म्हणजे साधेपणा नव्हे. लादलेल्या दारिद्र्याचे कौतुक कोणी करू नये. पण थोडक्यात भागवण्याची सवय आधीपासून असेल, तर टंचाईतही माणसाचा हात दुसऱ्याला देण्यासाठी पुढे येतो. साधे राहायचे ते यासाठी.