सपाट शहरातून दरडींचा अंदाज

दरड कोसळण्याचा आगाऊ इशारा देणारे राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘धरित्री’ संकुलात १९ जुलै २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. खाजणात हुगळीचा गाळ भरून वसवलेल्या या सपाट उपनगरात घसरायला साधी टेकडी नाही. १८५१ पासून सर्वेक्षणाचे ठाणे कोलकात्यात, म्हणून केंद्रही तिथे. हिमस्खलनाचे इशारे मात्र चंदीगडची संरक्षण संशोधन संस्था देते. सॉल्ट लेकचा संबंध माती, दगड आणि पावसाशी.

दरड कुठे कोसळेल आणि कधी कोसळेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी २०१४ पासून १:५०,००० प्रमाणावर प्रवणता नकाशे तयार झाले. त्यांत सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ प्रदेश आला, सह्याद्रीही त्यातच. दुसऱ्यासाठी पावसाचा उंबरठा ठरवावा लागतो. किती दिवसांत किती पाऊस झाल्यावर त्या भागातले उतार सुटतात, हे जुन्या घटनांवरून काढायचे आणि हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडायचे. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सहकार्याने दार्जिलिंग आणि निलगिरीत ही पद्धत आधी पारखली गेली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडे रोजचे पत्रक जाते.

सह्याद्रीत काळ्या बसाल्टवर मुरूम आणि मातीचा थर असतो. सततच्या पावसाने तो पाण्याने भरतो, वजन वाढते, कणांमधली पकड सुटते आणि थर खालच्या खडकावरून चिखलगाळासह निसटतो. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी असेच गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, ही पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने. इशारा देणारी यंत्रणा तेव्हा नव्हतीच. महाड तालुक्यातल्या तळियेत २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक जण दगावले. त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. यात नवल थोडेच. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा किलोमीटर एका सेंटिमीटरात येतो. डोंगरावरची ठाकरवाडी त्यात काही मिलिमीटरांत मावते. शिवाय घाटमाथ्यावर एका कड्याआड पावसाचा आकडा बदलतो आणि पर्जन्यमापक बहुधा तालुक्याच्या गावी असतो. अंदाज तालुक्याचा, दरड मात्र एका उताराची, ही अडचण नकाशा कितीही रंगवला तरी उरते. ती कमी करायची तर वाड्यावस्त्यांवर पर्जन्यमापक आणि प्रत्येक लहान घसरणीची तारखेसह नोंद हवी, कारण उंबरठा या नोंदींवरच ठरतो. अशा नोंदींसाठी सर्वेक्षणाने ‘भूस्खलन’ हे मोबाइल अॅप काढले असून अंदाजसेवा २०३० पर्यंत देशभर नेण्याचे उद्दिष्ट आहे.